औषध, मशेरी आणि खाऊ : महाराष्ट्रातील बालवयातील तंबाखू व मद्यसेवनाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

व्यसनाच्या इतिहासाचे लेखन आपल्याकडे मुख्यतः आबकारी महसूल आणि दारूबंदीच्या चळवळी या दोन अंगांनी झालेले आहे. या दोन्ही प्रकारच्या लेखनात प्रौढ पुरुष केंद्रस्थानी असतो. मूल आलेच, तर ते व्यसनी पित्याच्या संसाराची झळ सोसणारे म्हणून येते. मूल स्वतः मादक द्रव्याचे सेवन करीत असेल, आणि ते द्रव्य त्याच्यापर्यंत पोचविणारी एखादी सामाजिक व्यवस्था असेल, हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही.

हा प्रश्न आज टाळता येण्यासारखा नाही. २०१९ मध्ये देशभरातील शाळांत झालेल्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीनुसार, १३ ते १५ वर्षे वयोगटातील ८.५ टक्के विद्यार्थी त्या वेळी कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत होते. यापेक्षाही विचारात पाडणारी नोंद प्रारंभाच्या वयाची आहे. सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ३८ टक्के, विडी ओढणाऱ्यांपैकी ४७ टक्के आणि धूरविरहित तंबाखू घेणाऱ्यांपैकी ५२ टक्के विद्यार्थ्यांनी दहावा वाढदिवस येण्यापूर्वीच सुरुवात केली होती. दहा वर्षांच्या आतील मुलाविषयी बोलताना 'वाईट संगत', 'तारुण्याची बंडखोरी' किंवा 'चित्रपटांचा प्रभाव' ही नेहमीची स्पष्टीकरणे अपुरी पडतात. या वयाचे मूल घरातच वावरते, घरचे देतात ते खाते आणि घरचे सांगतात तेथे जाते.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाकडे इतिहासाच्या अंगाने पाहिले आहे. लेखाचे प्रतिपादन असे की, महाराष्ट्रात मादक द्रव्य लहान मुलापर्यंत पोचले ते बहुतेक वेळा मादक द्रव्य म्हणून नव्हे, तर औषध, दंतमंजन आणि खाऊ या तीन निरुपद्रवी नावांनी. कायद्याने मात्र दीर्घकाळ आपले लक्ष सार्वजनिक जागेवर आणि वस्तूच्या वर्गीकरणावर केंद्रित केले. त्यामुळे एक नाव निषिद्ध ठरताच तेच द्रव्य दुसऱ्या नावाने परत आले.

१. औषध : बाळगोळी आणि ग्राइप वॉटर

तान्ह्या मुलाला सहाणेवर उगाळलेली बाळगुटी देण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. हिरडा, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ अशा वस्तू या गुटीत असतात. बाळगोळी ही याहून निराळी. तिच्यातील मुख्य द्रव्य अफू. मात्र देणारा हात तोच आणि देण्यामागील भावनाही तीच. पोट दुखू नये, झोप लागावी, मूल रडू नये, एवढाच हेतू असे. अफूच्या व्यवहाराची चौकशी करण्यासाठी १८९३ मध्ये नेमलेल्या शाही आयोगापुढे बालकांना अफू देण्याच्या प्रथेविषयीही साक्षी झाल्या. १८९५ मध्ये सादर झालेल्या अहवालाने एकंदर अफूसेवनाकडे सौम्य दृष्टीने पाहिले आणि सरसकट बंदीची आवश्यकता नसल्याचा निर्वाळा दिला. १८७८ च्या अफू कायद्याखालील परवानाधारक दुकाने चालूच राहिली.

मुंबईच्या गिरण्यांनी या घरगुती प्रथेला निराळे रूप दिले. १८९१ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांच्या कामाचा दिवस ११ तासांवर आणला, म्हणजे त्याआधी तो याहून मोठा असू शकत होता. ११ तास काम आणि जाण्यायेण्याचा वेळ, एवढा काळ आई एका खोलीच्या बिऱ्हाडापासून दूर राहत असे. गावाकडील सासू-जावांचा आधार चाळीत नसे. १९२२ मध्ये डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी मुंबईतील गिरणी कामगार स्त्रियांच्या परिस्थितीची पाहणी केली. औद्योगिक कामगार स्त्रियांच्या सुमारे ९८ टक्के तान्ह्या मुलांना अफू दिली जाते, असे त्यांचे निरीक्षण मुंबई सरकारच्या 'लेबर गॅझेट'मधून प्रसिद्ध झाले व पुढे अफूविरोधी लेखनात वारंवार उद्धृत झाले. हा आकडा विशिष्ट वस्तीतील विशिष्ट वर्गाचा आहे. तो सर्व समाजाला लावता येणार नाही. परंतु त्या वर्गात ही गोष्ट अपवादाची राहिली नव्हती, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

अफूमुळे मूल झोपते, तसेच त्याची भूकही मंदावते, बद्धकोष्ठ होतो आणि मात्रा अधिक झाल्यास श्वसन मंद होऊन मृत्यू ओढवतो. भुकेलेले मूल रडत नाही, म्हणून त्याला दूध मिळत नाही, आणि दूध न मिळाल्याने ते अधिक क्षीण होते. १९२१ मध्ये मुंबई शहरातील बालमृत्यूचे प्रमाण दर हजार नोंदलेल्या जन्मांमागे ६६६ इतके, तर एका खोलीच्या बिऱ्हाडांत ८२८ इतके नोंदले गेले. अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी कोकणात किंवा घाटावर आपल्या गावी जात. जन्माची नोंद तेथे आणि मृत्यूची नोंद मुंबईत होई. त्यामुळे हे आकडे वास्तवापेक्षा फुगलेले आहेत. ही सूट देऊनही चित्र भीषणच राहते. या मृत्यूंचे सर्व उत्तरदायित्व अफूवर टाकता येत नाही. दाट वस्ती, अशुद्ध पाणी व दूध, साथीचे रोग ही कारणेही प्रबळ होती. अफू ही या परिस्थितीतील एक कडी होती.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली अशी की, ही केवळ 'अडाणी' प्रथा नव्हती. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या कापड गिरण्यांच्या नगरांत 'गॉडफ्रीज कॉर्डियल' हे अफूयुक्त औषध कामगारांच्या मुलांना याच कारणासाठी पाजले जाई. गिरणीचे वेळापत्रक आणि तान्ह्या मुलाची गरज यांचा मेळ बसत नव्हता, आणि दोन्ही देशांत तो अफूने बसविला गेला. दुसरी गोष्ट अशी की, या प्रश्नाचे उत्तर दंडात्मक कायद्यापेक्षा श्रमाच्या कायद्यात अधिक होते. १९२९ चा मुंबई प्रसूती लाभ कायदा, ज्याच्या विधेयकाचे समर्थन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात केले होते, आणि पुढे १९४८ च्या कारखाना कायद्यातील पाळणाघराची तरतूद यांनी बाळगोळीची गरजच कमी करण्याची दिशा दाखविली. आईला मुलाजवळ राहण्याची मुभा मिळाली, की गोळीचे कारण उरत नाही.

मद्यही मुलापर्यंत याच वाटेने पोचले. इंग्लंडमध्ये १८५१ च्या सुमारास विल्यम वुडवर्ड यांनी तयार केलेले ग्राइप वॉटर पुढे भारतातही घरोघरी गेले. त्याच्या मूळ स्वरूपात सुमारे ३.६ टक्के मद्यार्क होता. बाळाला शांत करणाऱ्या या पाण्यातील मद्यार्क काढून टाकण्याचा निर्णय ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात झाला. आज हे औषध मद्यार्कविरहित असते. औषधातील मद्य आणि पेयातील मद्य यांतील फरक मुंबई राज्याच्या दारूबंदीच्या इतिहासातही कळीचा ठरला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याला आव्हान मिळाले तेव्हा, १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा बव्हंशी वैध ठरविला. मात्र मद्यार्कयुक्त औषधी व प्रसाधन द्रव्यांच्या सेवन-वापरावरील निर्बंध रद्द केले. प्रौढांच्या हक्काच्या दृष्टीने हा निर्णय समजण्यासारखा आहे. परंतु 'औषध' हे नाव निर्बंधापलीकडचे ठरते, ही गोष्टही त्यातून अधोरेखित झाली.

२. दंतमंजन : मशेरी

तंबाखू हिंदुस्थानात पोर्तुगीजांच्या व्यापारातून आली आणि दख्खनमध्ये लवकर रुजली. १६०४-०५ च्या सुमारास असद बेग याने विजापूरहून तंबाखू नेऊन अकबरासमोर ठेवली, ही नोंद प्रसिद्ध आहे. १६१७ मध्ये जहांगीराने तिच्यावर बंदीचा हुकूम काढला. या नोंदींत तंबाखू हुक्क्यातून ओढली जाते. परंतु महाराष्ट्राच्या घरात ती जास्त टिकली ती धुराविना. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते.

या धूरविरहित प्रकारांत मशेरीचे स्थान वेगळे आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, तिची पूड करायची आणि बोटाने दातांना व हिरड्यांना लावायची. ती घरातच तयार होते, तिला दुकान किंवा वेष्टन लागत नाही, आणि ती दात घासण्याच्या नित्यकर्माचा भाग म्हणून लावली जाते. १९९० च्या दशकाच्या आरंभी मुंबईतील ९९,५९८ प्रौढांच्या मोठ्या पाहणीत ५७.५ टक्के स्त्रिया तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले. हे सेवन जवळजवळ सर्वस्वी धूरविरहित होते आणि त्यात मशेरीचा वाटा मोठा होता. म्हणजे 'बाई तंबाखू खात नाही' हा सर्वसाधारण समज ज्या काळात रूढ होता, त्याच काळात निम्म्याहून अधिक स्त्रिया 'दात घासण्याच्या' निमित्ताने तंबाखू घेत होत्या.

मुलाच्या दृष्टीने याचे दोन अर्थ होतात. एक, आईच्या शेजारी बसून दात घासणारे मूल तीच पूड त्याच बोटाने लावते, आणि त्यात कोणाला काही वावगे दिसत नाही. दोन, संपर्क जन्माच्याही आधी सुरू होतो. पी. सी. गुप्ता आणि श्रीविद्या यांनी मुंबईतील १,२१७ गर्भवती स्त्रियांचा अभ्यास करून २००४ मध्ये निष्कर्ष मांडले. धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या मातांच्या बालकांचे जन्मतः वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले. या स्त्रियांतही मशेरीचेच प्रमाण अधिक होते.

बाजाराने दंतमंजनाच्या या प्रतिष्ठेचा लाभ घेतला. तंबाखूयुक्त दंतमंजने व टूथपेस्ट देशभर विकल्या जात. १९९२ मध्ये केंद्र सरकारने औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली त्यांवर बंदी घातली आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. परंतु बंदी दंतमंजनातील तंबाखूवर होती. तपकीर म्हणून विकलेली, ट्यूबमध्ये भरलेली आणि प्रत्यक्षात दातांनाच लावली जाणारी वस्तू बाजारात राहिली. तव्यावर भाजलेली मशेरी तर या कायद्याच्या कक्षेतच येत नव्हती.

३. खाऊ : गुटखा, मावा, खर्रा

१९८० च्या दशकापासून तंबाखूने तिसरे नाव धारण केले. सुपारी, कात, चुना, सुगंधी द्रव्ये आणि तंबाखू यांचे कोरडे मिश्रण छोट्या पुडीत मिळू लागले. पानाला पानवाला लागतो, विडी लपवावी तर वास येतो. पुडीला यांपैकी कशाचीही अडचण नव्हती. ती चॉकलेट-गोळ्यांच्या बरण्यांशेजारी लटकत असे आणि तिची किंमत मुलाच्या खाऊच्या पैशात बसत असे. गोड चव व सुगंध यांमुळे तंबाखूचा मूळ उग्रपणा, जो लहान मुलाला स्वाभाविकपणे परावृत्त करतो, तोच झाकला गेला. शिवाय चुन्यामुळे मिश्रण अल्कधर्मी होऊन निकोटीन तोंडाच्या अस्तरातून अधिक सहज शोषले जाते, आणि सुपारीमुळे तोंड उघडणे कठीण करणारा मुखतंतुमयता हा विकार जडतो. एके काळी प्रौढांचा मानला जाणारा हा विकार तरुणांत दिसू लागला, तो या पुडीच्या प्रसारानंतर.

महाराष्ट्र शासनाने १ ऑगस्ट २००२ पासून पाच वर्षांसाठी गुटखाबंदी केली. ती अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली होती. २००४ मध्ये गोदावत पान मसाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, राज्याच्या अन्न प्राधिकाऱ्याला असा अधिकार नसल्याचे सांगून ती रद्द केली. २०११ च्या केंद्रीय अन्नसुरक्षा विनियमांनी कोणत्याही खाद्यपदार्थात तंबाखू व निकोटीन वापरण्यास मनाई केल्यावर मार्ग मोकळा झाला. जुलै २०१२ मध्ये राज्याने पुन्हा बंदी घातली आणि पुढे तिचे नूतनीकरण होत राहिले. सुगंधी सुपारी, मावा, खर्रा यांचाही तिच्यात समावेश झाला.

बाजाराचा प्रतिसाद ओळखीचा होता. पान मसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत, अशी जोडी टपरीवर शेजारी शेजारी टांगली गेली. दोन्ही घेऊन हातावर मिसळल्या, की गुटखा तयार. विदर्भात खर्रा आणि पश्चिम महाराष्ट्रात मावा डोळ्यांदेखत घोटून मिळत राहिला. ज्या तत्त्वावर गुटखा निषिद्ध ठरला, ते 'खाद्यपदार्थात तंबाखू नको' असे होते. तंबाखू खाद्यपदार्थापासून एका पुडीच्या अंतरावर ठेवली, की तत्त्वाचा भंग होत नव्हता. मूल मात्र त्याच टपरीवर येत होते.

४. कायद्याची नजर : घराचा उंबरठा

मुलांविषयीच्या कायद्यांचा इतिहास पाहिला, तर वरील घडामोडींचे कारण अधिक स्पष्ट होते. ब्रिटनमध्ये १९०१ च्या कायद्याने १४ वर्षांखालील मुलांना बिअर आणण्यासाठी पाठविण्यावर निर्बंध आणले. बाटली बूच लावून मोहोरबंद असेल तरच ती त्यांच्या हाती देता येई. १९०८ च्या बालक कायद्याने १६ वर्षांखालील मुलांना सिगारेट विकण्यास बंदी केली, रस्त्यावर धूम्रपान करणाऱ्या मुलाकडून सिगारेट काढून घेण्याचा अधिकार पोलिसांना दिला, आणि पाच वर्षांखालील मुलाला मद्य देणे गुन्हा ठरविला. मात्र डॉक्टरांचा आदेश किंवा आजारपण हा अपवाद ठेवला.

या विचारसरणीचा प्रभाव हिंदुस्थानातही उमटला. पंजाबने १९१८ मध्ये आणि बंगालने १९१९ मध्ये बालकांच्या धूम्रपानाविषयी कायदे केले. मद्रास, बंगाल आणि मुंबई प्रांतांत अनुक्रमे १९२०, १९२२ व १९२४ मध्ये बालक कायदे आले. स्वातंत्र्यानंतर केंद्रशासित प्रदेशांसाठीचा १९६० चा बालक कायदा, १९८६ चा बाल न्याय कायदा आणि २००० चा बाल न्याय कायदा या तिन्हींत मुलाला मद्य वा घातक अमली द्रव्य देणाऱ्यास शिक्षेची तरतूद होती. २००० च्या कायद्यातील कलम २५ ची शब्दयोजना लक्षणीय आहे. मद्य 'सार्वजनिक ठिकाणी' दिल्यास गुन्हा. आणि वैद्यकीय आदेश किंवा 'आजारपण' असल्यास अपवाद. म्हणजे घराच्या उंबरठ्याच्या आतील देणे कलमाबाहेर राहिले, आणि औषध हे निमित्तही शाबूत राहिले. तंबाखूचा तर उल्लेखच नव्हता.

तंबाखूविषयी स्वतंत्र कायदा २००३ मध्ये झाला. त्याच्या कलम ६ ने १८ वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास आणि शैक्षणिक संस्थांपासून १०० यार्डांच्या आत त्यांची विक्री करण्यास मनाई केली. हा कायदा महत्त्वाचा असला तरी त्याची कल्पना दुकान आणि शाळा यांच्यातील अंतराची आहे. घर आणि मूल यांच्यात असे अंतर नसते.

मुलाला तंबाखू देणे हाच गुन्हा ठरला तो २०१५ च्या बाल न्याय कायद्यात. त्याच्या कलम ७७ नुसार, मुलाला मद्य, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. 'सार्वजनिक ठिकाणी' ही मर्यादा गेली, 'आजारपणा'चा सैल अपवाद गेला, फक्त पात्र डॉक्टरांचा आदेश उरला. १९०८ च्या कायद्यापासून मोजल्यास या टप्प्याला येण्यास १०७ वर्षे लागली.

तरीही या कलमाच्या मर्यादा ओळखल्या पाहिजेत. ते टपरीवाल्याला लागू करणे योग्य आहे. परंतु नातवाच्या बोटावर मशेरी ठेवणाऱ्या आजीला तुरुंगात धाडून काय साधणार? बाळगोळीचा अनुभव येथे मार्गदर्शक आहे. तेथे आईला गुन्हेगार ठरवून प्रश्न सुटला नसता. तिच्या कामाचे तास, प्रसूतीची रजा आणि पाळणाघर यांचा विचार करावा लागला.

५. शिक्षणक्षेत्रासाठी अन्वयार्थ

आपल्या महाविद्यालयांतील व्यसनमुक्तीचे कार्यक्रम प्रामुख्याने अठरा-वीस वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठी असतात. शपथ, फेरी, व्याख्यान, पोस्टर स्पर्धा हे त्यांचे ठरलेले स्वरूप. धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या निम्म्याहून अधिक मुलांची सुरुवात दहा वर्षांच्या आत होत असेल, तर हा संदेश त्यांच्यापर्यंत आठ-दहा वर्षे उशिरा पोचतो. २०१९ पासूनच्या तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्थांच्या मार्गदर्शक सूचनांनी शाळेचा परिसर कक्षेत आणला आहे. परंतु मूल शाळेत दाखल होण्यापूर्वीचा काळ अजूनही अंगणवाडी, प्रसूतिपूर्व तपासणी आणि घर यांच्या हाती आहे. शिक्षणशास्त्र, गृहविज्ञान व समाजकार्य या शाखांच्या विद्यार्थ्यांना, तसेच राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांना, या ठिकाणी प्रत्यक्ष काम आहे. 'तुम्ही तंबाखू खाता का?' या प्रश्नाला 'नाही' म्हणणारी स्त्री 'दात कशाने घासता?' या प्रश्नाला मोकळेपणाने 'मशेरीने' असे उत्तर देते. पाहणीची प्रश्नावली तयार करणाऱ्या प्राध्यापकाने एवढे जरी लक्षात ठेवले, तरी हाती येणारे चित्र बदलेल.

निष्कर्ष

१. महाराष्ट्रात लहान मुलांपर्यंत मादक द्रव्य पोचण्याची प्रक्रिया ही मुख्यतः औषध, दंतमंजन व खाऊ या मान्यताप्राप्त नावांखाली घडली. मुलाने नियम मोडला असे तीत क्वचितच घडते. बहुधा ते घरातील रीतच पाळत असते.

२. कायद्याने वस्तूच्या वर्गावर बंदी घातली, तेव्हा वस्तूने वर्ग बदलला. १९९२ नंतरची तपकीर आणि २०१२ नंतरच्या जोड-पुड्या ही याची ठळक उदाहरणे होत.

३. बालकविषयक कायद्यांनी दीर्घकाळ सार्वजनिक जागेलाच आपले कार्यक्षेत्र मानले. २०१५ च्या कायद्याने ही मर्यादा ओलांडली असली, तरी घरातील प्रथेवर केवळ शिक्षेचा उपाय पुरेसा नाही.

४. बाळगोळीच्या इतिहासात आईच्या श्रमाची परिस्थिती बदलण्याच्या उपायांना जे स्थान होते, तेच आज मातेच्या आरोग्यसेवेला, अंगणवाडीला आणि प्राथमिक शाळेला द्यावे लागेल. पुढील पिढीचा पहिला तंबाखू-संपर्क टाळायचा असेल, तर प्रयत्नांचा आरंभ महाविद्यालयाच्या सभागृहाऐवजी गर्भवती मातेच्या पहिल्या तपासणीपासून करणे इष्ट ठरेल.